पाचव्या मजल्यावरची भाजी आणि घरातली परीक्षा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळच्या मोशीत पाचव्या मजल्यावर राहणारं तिघांचं घर. नवरा चाकणच्या कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलते. प्रश्न विचारणाऱ्या ताई हिशेबाच्या नोकरीत, सकाळी ९ ला बाहेर आणि संध्याकाळी साडेसहाला घरी, शिवाय मुक्त विद्यापीठातून एम.कॉम. चालू, परीक्षा मे महिन्यात. मुलगी ४ वर्षांची. बाल्कनी पूर्वेला, ९ फूट बाय ४ फूट. मागच्या वर्षी टोमॅटो, ढोबळी मिरची, साधी मिरची आणि कोथिंबीर लावली. टोमॅटो छातीएवढे वाढले पण फूल धरलं नाही, कोथिंबीर उगवलीच नाही, मिरचीची पानं गोळा झाली आणि दिवाळीत गावाला जाऊन आल्यावर उरलेलंही वाळून गेलं होतं. यंदा नवरात्रापासून पुन्हा सुरुवात करायची आहे, मुलीला सोबत घेऊन, अभ्यासाच्या वेळेला हात न लावता. जमेल का?

जमेल. रोज सात-आठ मिनिटं आणि शनिवारी किंवा रविवारी पाऊण ते दीड तास एवढा वेळ पुरतो. मात्र पिकं निवडताना ‘काय आवडतं’ हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी बघा: बाल्कनीत किती तास ऊन येतं आणि घर कधी रिकामं असणार आहे. तुमच्या मागच्या वर्षीच्या चार अपयशांपैकी दोन थेट या दोन गोष्टींतून आली आहेत.

ऊन आधी घेऊ. पूर्वेच्या बाल्कनीत साधारण ७ ते ११ असं चार तासांचं ऊन मिळतं, समोर इमारत असेल तर त्याहूनही कमी. टोमॅटो, ढोबळी, वांगी, काकडी या फळभाज्यांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की झाड उजेडाच्या शोधात उंच वाढत जातं, दोन पानांमधलं अंतर वाढतं, खोड बारीक राहतं आणि फुलं येतच नाहीत किंवा येऊन गळतात. खत वाढवून हे सुधारत नाही. उलट नत्र (खतातला नायट्रोजन) जास्त झालं की झाड आणखी पानाळ होतं. हेच चित्र तुम्ही दर नवरात्रात घटाखाली बघता. पत्रावळीवरच्या मातीत पेरलेलं धान्य देव्हाऱ्याच्या अंधारात पिवळं, लांब आणि लवलवतं वाढतं. अंधार असेल तर रोप खोड लांबवतं, हिरवं व्हायला त्याला उजेड लागतो. मुलीला हे यंदा मुद्दाम दाखवा. घटातल्या धान्यापैकी चार दाणे एका कपात पेरून बाल्कनीत ठेवा आणि दसऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून बघा. चार वर्षांच्या मुलीला एवढं पुरेसं समजतं.

सूर्याची जागा वर्षभर सरकते, हेही धरून चाला. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये सूर्य बराच दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनमध्ये उत्तरेकडे. तुमच्या बाल्कनीच्या दक्षिण टोकाला भिंत असेल, तर तिची सावली थंडीत आत येते आणि ऑक्टोबरात उन्हात असलेली कुंडी डिसेंबरात सावलीत जाते. म्हणून कुंड्या पक्क्या जागी मांडू नका. येत्या रविवारी सकाळी ७ ते १२ दर तासाला मोबाइलवर बाल्कनीचा एकेक फोटो काढा. जिथे चार तास भरतात तिथे खडूने खूण करा, डिसेंबरात पुन्हा फोटो काढा आणि कुंड्या सरकवा.

चार तासांच्या उन्हात उत्तम येतात त्या पालेभाज्या: मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ, पुदिना. मिरचीला हे ऊन थोडं कमी पडतं, पण सर्वांत उजेडाच्या कोपऱ्यात दोन-तीन झाडं घरापुरती देतात. टोमॅटो आणि ढोबळी यंदा सोडा, असंच मी सांगेन. सहा महिने पाणी घालून फळ दिसलं नाही की मोठ्यांचाही उत्साह जातो. मुलीला मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवलेली दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आता मांडणी. तीन आयताकृती ग्रो-बॅग (झाडं लावायच्या जाड पिशव्या) घ्या, २४ इंच लांब, १२ इंच रुंद, ९ इंच उंच, आणि मिरचीसाठी १२ इंची तीन कुंड्या. बॅग पूर्ण भरायची गरज नाही. पालेभाजीला ६ इंच माती पुरते, म्हणजे एका बॅगेत साधारण २७ लिटर. ओली झाल्यावर तिचं वजन २८ ते ३० किलो होतं. मिरचीच्या एका कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते आणि ओली कुंडी १६-१७ किलो भरते. सगळं मिळून एकशे चाळीस किलोच्या आसपास. घरांच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण ३०० किलोचा भार गृहीत धरतात आणि तुमची बाल्कनी सव्वातीन चौरस मीटरची आहे. नीट बांधलेल्या बाल्कनीला हे वजन जड नाही, मात्र ते पसरून आणि शक्यतो घराच्या भिंतीच्या बाजूला ठेवा. इमारत जुनी असेल, बाल्कनीच्या खालच्या बाजूला तडे किंवा गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय एकही कुंडी ठेवू नका.

कुंड्या भिंतीकडे ठेवण्याचं दुसरं कारण वजनापेक्षा मोठं आहे. कठड्याला लागून ठेवलेली कुंडी, पालथी बादली, विटांचा ओटा, मातीची पिशवी, यांतलं काहीही ४ वर्षांच्या मुलाला पायरीसारखं वापरता येतं. कठड्यापासून किमान ३ फुटांत पाय ठेवण्यासारखी एकही वस्तू नको. तुमच्या ४ फूट रुंदीत याचा अर्थ असा, की बाहेरची बाजू पूर्ण मोकळी आणि सगळं काही भिंतीलगत एका ओळीत. १२ इंच रुंदीच्या बॅगा बरोबर बसतात. कठड्याच्या गजांमधून मुलीचं डोकं जात असेल तर आधी जाळी बसवा, बी नंतर. आणि मुलगी बाल्कनीत एकटी कधीच नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. घरात कण्हेर, धोत्रा किंवा शोभेची डायफेनबेकिया असेल तर ती हलवा. पहिली दोन विषारी आहेत आणि तिसरीचं पान चावलं तर तोंड व जीभ सुजते. “आपण लावलेलं खाता येतं” असं एकदा शिकवल्यावर मूल प्रत्येक पान तोंडात घालून बघतं.

माती. मागच्या वर्षी तुम्ही फक्त नर्सरीची माती भरली होती, असं प्रश्नात आहे. कुंडीत नुसती माती बसते, घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. तिसरा हिस्सा लाल माती, तिसरा हिस्सा गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, तिसरा हिस्सा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), असं मिश्रण करा. तीन बॅगा आणि तीन कुंड्यांसाठी सुमारे १२५ लिटर मिश्रण लागतं. पहिल्या पाण्याने ते दहा टक्के तरी खाली बसतं, म्हणून १३८ लिटर धरा. म्हणजे प्रत्येक घटक ४६ लिटर. लाल माती ६० किलोच्या आसपास, गांडूळखत ३० ते ३३ किलो आणि कोकोपीटची ५ किलोची एक वीट, जी भिजून ६० लिटरच्या वर फुगते. आपल्या भागातली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच भरू नका. ती ओली असताना चिकट, सुकल्यावर भेगाळते आणि कुंडीतून पाणी बाहेर सोडत नाही. तीच वापरायची असेल तर एक चतुर्थांशाहून जास्त नको, बाकीची जागा कोकोपीट आणि भाताच्या तुसाने भरा.

कोकोपीट धुवावं लागतं, आणि बहुतेक जण ते धुवत नाहीत. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. वीट २०-२५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी जुन्या चादरीत घालून पिळा. पाणी चहासारखं निघेल. पुन्हा भिजवून पुन्हा पिळा, दोनदा तरी. न धुता वापरलं की कोवळ्या रोपांच्या पानांची टोकं करपतात आणि मातीवर पांढरी बुरशीसारखी पूड जमते, जी खरं तर क्षारच असते. मिश्रणात प्रत्येक बॅगेला दोन मुठी आणि प्रत्येक कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड (कडुनिंबाच्या बियांचा तेल काढून उरलेला चोथा) घाला, म्हणजे मातीतल्या किडींना आळा बसतो.

कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याची पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक माती आणि जाड खडी जिथे मिळतात तिथे पाणी अडून राहतं आणि ओला थर तळाऐवजी मुळांच्या जवळ येतो. त्यापेक्षा बॅगेला तळाशी सात-आठ भोकं पाडा, करंगळी जाईल एवढी, आणि माती वाहू नये म्हणून आत जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरा. बॅगा विटांवर दोन इंच उचलून ठेवा. फरशीला टेकलेल्या बॅगेची भोकं बंद होतात आणि वरून ओलं दिसत नसतानाही खाली चिखल झालेला असतो. बाल्कनीच्या पाणी जाण्याच्या तोंडावर बारीक जाळी लावा. मातीने ते तुंबलं तर पाणी खालच्या घरात उतरतं आणि सोसायटीत बागेचा विषय तिथेच संपतो.

पाणी कुणी घालायचं, हा तुमच्या घरातला खरा प्रश्न आहे. दोघांनी मिळून घालायचं ठरलं की दोन गोष्टी होतात: कधी कुणीच घालत नाही, कधी दोघंही घालतात. कुंडीतली झाडं कोरडेपणापेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात, कारण भिजलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही. खालची पानं पिवळी पडतात, ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. म्हणून पाण्याचं काम एकाच माणसाचं असू द्या. तुमच्या घरात ते नवऱ्याचं असावं, कारण पाळीमुळे तीनही आठवड्यांत त्यांना उजेडात घरी वेळ मिळतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर संध्याकाळी पाचच्या सुमारास, दुसऱ्या पाळीत सकाळी मुलीला शाळेत सोडण्याआधी, रात्रपाळीत परत आल्यावर झोपण्याआधी. सकाळचं पाणी सर्वांत चांगलं. संध्याकाळी घालायची वेळ आली तर पानं न भिजवता मातीत घाला, रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला बोलावतात.

किती घालायचं हे बोट सांगतं. मधलं बोट दोन पेरं मातीत घाला. टोकाला ओल लागली तर आज पाणी नाही. साधारण अंदाज म्हणून, ऑक्टोबरात एका बॅगेला दीड-दोन लिटर एक दिवसाआड, थंडीत तेवढंच पण दोन दिवसांआड, मिरचीच्या कुंडीला एक लिटर. बी पेरल्यापासून उगवेपर्यंत मात्र हा नियम लागू नाही. तेव्हा वरचा अर्धा इंच सतत ओलसर हवा, म्हणून दिवसातून दोनदा फवाऱ्याने शिंतोडे. खाली ताटल्या ठेवल्या असतील तर त्या दर शनिवारी रिकाम्या करून घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

मुलीसाठी अर्ध्या लिटरची झारी किंवा बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून केलेली झारी द्या आणि एक बॅग तिची ठरवा. झारी भरण्याचं काम तिचं, दिवसाला दोन झाऱ्या एवढं तिचं माप. तिने जास्त घातलं तरी एका लिटरवर जात नाही आणि झाड मरत नाही.

आता पेरणी. इथे गावाला जाण्याचा प्रश्न सोडवायचा आहे. घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हे अंतर दरवर्षी साधारण २८-२९ दिवसांचं असतं आणि मेथी २५ ते २८ दिवसांत काढायला येते. म्हणून घटस्थापनेच्या दिवशी किंवा त्याच्या आधीच्या रविवारी दोन बॅगांत मेथी पेरा. दिवाळीला निघण्याआधी ती उपटून भाजी करा आणि रिकाम्या बॅगा मागे ठेवून निश्चिंत गावाला जा. वाळायला तिथे काही उरतच नाही. नोकरी, पाळी आणि परीक्षा असलेल्या घराने बाग अशीच मांडावी, घर रिकामं होण्याआधी बॅग रिकामी होईल अशी.

मेथीसाठी स्वयंपाकघरातले दाणे चालतात. एका बॅगेला तीन चहाचे चमचे, म्हणजे १० ते १२ ग्रॅम. रात्रभर भिजवा, सकाळी निथळा, मातीवर पसरा, वर अर्धा इंच माती. पाकिटातलं गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी मुलीच्या हातात देऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते मोठ्यांनी पेरून हात धुवावेत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. फार दाट झाली तर आठव्या-दहाव्या दिवशी मुलीला विरळणी करू द्या. उपटलेली कोवळी रोपं धुऊन कोशिंबिरीत जातात. एका बॅगेतून बाजारातल्या एका जुडीएवढी मेथी निघते. दोन बॅगांत तिघांची एक वेळची भरपेट भाजी आणि थोडे पराठे. महिन्याचा भाजीचा खर्च यातून वाचत नाही, तो हिशेब मनात धरू नका. ताजेपणा आणि मुलीने उपटलेली मेथी ती स्वतः खाते, एवढं नक्की मिळतं.

तिसऱ्या बॅगेत त्याच दिवशी पालक. ‘ऑल ग्रीन’ हा जुना, भरवशाचा वाण आहे. चार इंचांवर ओळी, बी अर्धा इंच खोल. ३०-३५ दिवसांनी पहिली काढणी, म्हणजे दिवाळीहून परत आल्यावर. बाहेरची पानं कापा, मधला कोंब सोडा. दर १०-१२ दिवसांनी पुन्हा मिळतो, चार-पाच वेळा. प्रत्येक कापणीनंतर दोन मुठी गांडूळखत वर पसरून माती हलकी खुरपा. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा आल्या तर ती नागअळी. ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका, फवारणीच्या मागे लागू नका. अळी पानाच्या आत असते, वरचं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

कोथिंबीर का उगवली नाही, याची कारणं तीन-चार असतात आणि बहुधा एकत्रच असतात. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या. अख्खा पेरला तर पाणी आत शिरायला वेळ लागतो. मसाल्यासाठी ठेवलेले धणे जुने किंवा भाजके असतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात उगवण रेंगाळते. आणि सर्वांत महत्त्वाचं, ती ८ ते १२ दिवस घेते, तोवर घरातले लोक आशा सोडून पाणी बंद करतात. म्हणून कोथिंबीर दिवाळीनंतर, हवा गार झाल्यावर, मेथीच्या रिकाम्या झालेल्या बॅगेत पेरा. बियाण्याचे धणे चार-पाच चहाचे चमचे घ्या, पोळपाटावर लाटण्याने हलके दाबून प्रत्येकाचे दोन करा, पीठ होऊ देऊ नका. १२ तास भिजवा, पाऊण सेंटिमीटर खोल पेरा आणि वर ओलं गोणपाट झाका. पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच दिवशी गोणपाट काढा, एक दिवसही उशीर नको. ४०-४५ दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आधी, काढायला येते. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की ती फुलावर जाते. मग पानं बारीक, दोऱ्यासारखी होतात. ती अडवता येत नाही, उपटून टाका.

मिरचीची रोपं नर्सरीतून आणा, बी लावून दीड महिना घालवू नका. ‘ज्वाला’ कुंडीत चांगली येते. घेताना पानं उलटून बघा. मागच्या वर्षी पानं गोळा झाली तो चुरडा-मुरडा, गावाकडे बोकड्या म्हणतात तो. फुलकिडे आणि कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड) कोवळ्या पानांतला रस शोषतात म्हणून ती वळतात, आणि पांढरी माशी विषाणू आणते तेव्हाही वळतात. फुलकिड्यांनी पान होडीसारखं वर वळतं, कोळ्याने खाली. विषाणूने झाड खुजं होतं, पानं लहान, पिवळट, झुपकेदार. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिली भांड्यांचा द्रवसाबण मिसळा, मग ५ मिली निंबोळी तेल, पांढरं दूध झाल्यावर संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आठवड्याने एकदा, तीन वेळा. साबणाशिवाय तेल वर तरंगतं आणि कुठे जास्त, कुठे काहीच नाही असं पडतं. सकाळच्या उन्हात फवारलं तर पानं भाजतात. फवारल्यावर चार दिवस तोडणी नाही आणि त्या वेळी मुलगी आत. पिवळा चिकट सापळा पांढऱ्या माशीसाठी, निळा फुलकिड्यांसाठी, एकेक पुरे. विषाणूचं झाड मात्र वाचवत बसू नका, लगेच उपटा, नाहीतर तिन्ही जातील.

दिवाळीत या तीन कुंड्या आणि पालकाची बॅग मागे राहतात. त्यासाठी झाकण असलेली बादली आणि जाड सुती नाडी किंवा जुन्या टी-शर्टच्या पेन्सिलीएवढ्या पीळदार पट्ट्या. नाडी आधी पूर्ण भिजवा. एक टोक बादलीच्या तळाला दगडाने दाबा, दुसरं मुळांजवळ तीन-चार इंच खोल पुरा. मिरचीला एकेक नाडी, पालकाच्या बॅगेला दोन. बादलीतल्या पाण्याची पातळी कुंडीच्या मातीच्या बरोबरीने असू द्या. बादली फार उंचावर ठेवली तर एका रात्रीत रिकामी होते, फार खाली ठेवली तर पाणी चढतच नाही. झाकणाला नाडीपुरतीच भोकं, नाहीतर तिथेही डास होतील. तीन कुंड्या आणि एका बॅगेला सहा दिवसांसाठी २० लिटर धरा, पण निघण्याच्या आठवडाभर आधी दोन दिवस हे लावून बघा. सगळं भिंतीच्या सावलीत सरकवा आणि मातीवर दोन इंच वाळलेला पाला पसरा. रिकाम्या घरातल्या झाडांना सहा दिवस कमी ऊन चालतं.

आता अभ्यास. तुम्हाला वाटतं की बाग अभ्यासाचा वेळ खाईल. ती तुमची न ठेवता बाप-लेकीची ठेवली तर उलट होतं. पेरणी, विरळणी, खुरपणी, ताटल्या घासणे ही शनिवार-रविवारची कामं त्या दोघांची. दीड तास ते दोघं बाल्कनीत, मधलं सरकतं दार बंद, आणि तुम्ही आतल्या खोलीत. हा दीड तास गणिती विषयाला द्या. खर्च-लेखांकनासारखी लांब उदाहरणं मध्ये तुटली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावी लागतात, ती रात्री मुलगी झोपल्यावरच्या थकलेल्या तासात होत नाहीत. तो तास वाचनाच्या विषयाला ठेवा. काढणीच्या दिवशी तुम्ही बाहेर या, पाऊण तास, मेथी निवडायला तिघं बसा. हा छंद तुम्हालाही हवा आहे म्हणूनच तुम्ही विचारलंत, तेव्हा सगळंच सोडू नका. पण रोजचं पाणी तुमच्या डोक्यावर घेऊ नका.

घरच्या कचऱ्याचं खत करावं का, असंही विचारलं आहे. यंदा नको. ते चांगलं काम आहे, पण ओल्या कचऱ्यावर रोज वाळला पाला घालणं आणि आठवड्याला ढवळणं चुकलं की चार दिवसांत वास सुटतो, आणि परीक्षेच्या वर्षात ते चुकेल. यंदा विकतचं गांडूळखत वापरा.

जानेवारीत मेथीच्या बॅगांत पुन्हा मेथी, एका वेळी दोन्ही नको, पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे भाजी एकदम येत नाही. फेब्रुवारीत लाल माठ, तो उन्हाला दाद देत नाही आणि २५-३० दिवसांत निघतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला सगळं काढून टाका, मिरचीची झाडं चांगली असतील तर तेवढी ठेवा. एप्रिल-मे बाग बंद. त्या उन्हात रोज दोनदा पाणी लागतं आणि नेमकी तीच तुमची उजळणीची वेळ. मुलीचा हात राहावा म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत एका पसरट डब्यात ओल्या कोकोपीटवर मोहरी किंवा मेथी दाट पेरायला द्या, आठ-दहा दिवसांत दोन इंचांची झाली की कात्रीने कापून खिचडीवर घालायची.

बॅगांतली माती एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर परवानगी घेऊन पसरा, चार इंच जाड, ओलसर करून, वर पारदर्शक प्लॅस्टिक कडेने विटांनी दाबून. काळं नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. तीन-चार आठवड्यांत त्यातली बरीचशी तणाची बियाणं, बुरशी आणि किडींची अंडी मरतात. गच्ची मिळाली नाही तर बॅगेतच मोकळी करून कोरडी होऊ द्या. परीक्षा संपल्यावर, पहिल्या पावसाच्या आधी, मुळांचे गुंते काढून प्रत्येक बॅगेत चार लिटर ताजं गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. पावसाळ्यात ऊन कमी मिळालं तरी मायाळू चांगला वाढतो. हातभर लांबीच्या दोन काड्या खुपसा, भिंतीवर सुतळी ताणून द्या, जुलैअखेर भज्यांपुरती पानं मिळायला लागतील. सुतळी भिंतीच्या बाजूलाच बांधा, कठड्याकडे नेऊ नका.